तेल गळतंय, पण नेमकं कुठून?



हंगाम संपला की गव्हाण शांत होते, गाडीतळ मोकळा होतो आणि चार महिने फडात अन् रस्त्यावर राबलेली वाहने वस्तीवरच्या शेडमध्ये जाऊन थांबतात. कुणाचा जुना मॅसी ट्रॅक्टर असतो, कुणाची वडिलांच्या वेळची जीप, तर एखाद्याने हौसेने सांभाळलेली ॲम्बॅसडर. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तर खाली जमिनीवर काळा डाग. "जुनी गाडी म्हटल्यावर तेल गाळणारच," असे म्हणून आपण त्यावर माती टाकतो आणि कामाला लागतो. आजचा लेख या डागाबद्दलच आहे, कारण त्यात आपला पैसा मुरतो आणि कधी कधी जिवाचा धोकाही त्यातच असतो.

आधी थोडा हिशेब करू. चालू इंजिनातून दर १० सेकंदांना एक थेंब पडतो असे धरा. बघणाऱ्याला हे काहीच वाटत नाही. पण तासाला ३६० थेंब झाले. साधारण ३० थेंबांचे एक मिलीलिटर धरले तर तासाला १२ मिलीलिटर, दहा तासांच्या दिवसाला १२० मिलीलिटर आणि १२० दिवसांच्या हंगामात १४ लिटरच्या वर तेल गेले. जुन्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचे चेंबर दोनदा भरेल एवढे हे तेल आपण चाकोरीत सांडून आलो.

पैशाचे एक वेळ सोडा. हेच तेल क्लच प्लेटवर गेले तर भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन सुर्ली घाटासारखा चढ चढताना क्लच सरकतो. इंजिन ओरडते आणि ट्रॅक्टर जागचा हलत नाही. पातळी खाली गेली आणि कुणी पट्टी पाहिली नाही तर बेअरिंग जळते, क्रँक धरते आणि ऐन हंगामात नंबर लागलेला ऊस फडात वाळतो. म्हणून गळती कुठून आहे हे ओळखायला शिकणे प्रत्येक वाहनधारकाच्या फायद्याचे आहे. मिस्त्री लागणारच, पण मालकाला काय झाले आहे ते कळत असेल तर मिस्त्रीचेही काम नेमके होते.

ही जुनी इंजिने तेल का गाळतात?

सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला यंत्र नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा केला आणि लोखंडी नांगर व कडबा कापायची यंत्रे इथल्या माणसाच्या हाती दिली. पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि कृष्णा, येरळा, वारणेच्या काठी विहिरीवर पाच अश्वशक्तीच्या इंजिनाची टुकटुक ऐकू येऊ लागली. त्याच काळाच्या आगेमागे मोटारी आल्या. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीवरून १९५७ साली हिंदुस्थान मोटर्सने ॲम्बॅसडर काढली. बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती २०१४ सालापर्यंत तयार होत होती. महिंद्राची जीप ही मुळात अमेरिकेच्या विलीज कंपनीची. मद्रासमध्ये १९६० साली टॅफे कंपनी निघाली आणि मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर देशात बनू लागला. त्यातले सिम्पसनचे तीन सिलिंडरचे इंजिन मूळ इंग्लंडच्या पर्किन्सच्या नकाशावरचे.

या सगळ्या इंजिनांचा आराखडा साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा. तेव्हा आजच्यासारखी रबराची टिकाऊ सील सर्वत्र मिळत नव्हती. त्यामुळे झाकणाखाली बुचाच्या लाकडाचे, म्हणजे कॉर्कचे पॅकिंग, शाफ्टभोवती नमद्याची किंवा दोरीची कडी आणि कुठे कुठे तर सीलच नाही, अशी रचना असे.

ॲम्बॅसडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचे उदाहरण घ्या. त्याच्या क्रँकच्या मागच्या टोकाला सील नाही. तिथे शाफ्टवरच स्क्रूसारखे आटे पाडलेले आहेत. इंजिन फिरत असताना हे आटे बाहेर निघालेले तेल उलटे ओढून चेंबरमध्ये परत ढकलतात. कल्पना मोठी नामी आहे. पण इंजिन थांबले की आटेही थांबतात. गाडी तोंड चढाला करून उभी केली तर तेल मागे जमते आणि दोन-चार थेंब बाहेर येतात. हा दोष नसून त्या रचनेचा स्वभाव आहे. मात्र बेअरिंग झिजून शाफ्टमध्ये खेळ वाढला, तर आट्यांभोवतीची फटही वाढते आणि थेंबांची धार होते. तेव्हा नवीन पॅकिंग घालून काही उपयोग नाही. मूळ काम बेअरिंगचे असते.

पहिला प्रश्न: गळतंय ते इंजिनाचंच तेल का?

गाडीखाली पडलेला प्रत्येक थेंब इंजिन ऑइलचा नसतो. रात्री गाडी सपाट जागी उभी करून खाली मोठा पुठ्ठा पसरावा आणि त्यावर पुढच्या चाकांची जागा खडूने आखून ठेवावी. सकाळी दोन गोष्टी कळतात. थेंब कुठे पडला आणि कसला पडला.

डिझेल इंजिनाचे तेल थोड्याच दिवसांत काळे होते. गिअर किंवा हायड्रॉलिकचे तेल बहुधा पिवळसर किंवा तपकिरी राहते, आणि गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो. डिझेलचा थेंब पुठ्ठ्यावर लगेच पसरतो आणि वासाने ओळखू येतो. ब्रेक ऑइल पातळ असते. ते रंगावर पडले की रंग सोलून काढते. रेडिएटरचे पाणी बोटाला गुळगुळीत लागत नाही. त्यात कूलंट घातले असेल तर मात्र बोट चिकट होते आणि रंगही दिसतो.

हे ओळखणे का महत्त्वाचे, ते सांगतो. मॅसीसारख्या ट्रॅक्टरच्या क्लच हाउसिंगच्या तळाला एक छोटे भोक असते आणि त्यात कॉटर पिन लोंबत असते. आत तेल साचू नये, इंजिनातून किंवा गिअरबॉक्समधून आलेले तेल खाली पडून आपल्याला दिसावे, यासाठी ती सोय आहे. पिन हलती राहिली म्हणजे भोक चिखलाने बुजत नाही. या भोकातून काळे तेल आले तर संशय इंजिनाच्या मागच्या सीलवर. पिवळे तेल आले तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या सीलवर. ट्रॅक्टर फोडायचा दोन्ही वेळा लागेल, पण आणायचा माल वेगळा. तेव्हा निदान चुकले की ट्रॅक्टर दुसऱ्यांदा फोडण्याची पाळी येते. काही जण "इथून तेल पडतंय" म्हणून या भोकात लाकडी खुंटी ठोकतात. असे कधीही करू नये. बाहेर पडणारे तेल मग आत साचते आणि क्लच प्लेट भिजवते.

आधी धुवा, मग शोधा

तेलाने आणि धुळीने माखलेल्या इंजिनात गळती शोधणे म्हणजे पुराच्या पाण्यात झरा शोधण्यासारखे आहे. इंजिन थंड असताना रॉकेल किंवा डिझेल ब्रशने लावून सगळा थर खरवडून काढावा. दाते असलेल्या पत्र्याच्या पट्टीने कोपरे उकरावेत. मग साबणाच्या पाण्याने धुऊन चांगले वाळू द्यावे. डायनामो, स्टार्टर, एअर फिल्टरचे तोंड आणि डिझेल पंप प्लॅस्टिकने झाकून ठेवावेत. गरम पंपावर गार पाण्याचा फवारा मारू नये.

वाळल्यावर संशयाच्या जागी टाल्कम पावडर किंवा खडूची पूड भुरभुरावी. इंजिन चालू करून गरम होऊ द्यावे, थोडे अंतर चालवून आणावे आणि बंद केल्यावर बॅटरीच्या उजेडात पाहावे. जिथून तेल निघते तिथे पांढऱ्यावर गडद रेघ उमटते. हल्ली तेलात मिसळायचा चमकणारा रंग आणि निळा दिवाही मिळतो. पण पावडरीचे काम पावडर करते.

पाहताना एक नियम पक्का लक्षात ठेवावा. तेल खाली जाते आणि मागे जाते. खाली जाते ते वजनाने, मागे जाते ते पंख्याच्या आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने. म्हणून डाग जिथे मोठा तिथे दोष नसतो. सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधावी. नवी गळती तिथे असते. खालचा सगळा राडा तिचाच पसारा असतो.

आपल्याकडे नेहमी घडणारा प्रकार असा. क्लच हाउसिंगच्या खाली तेल दिसते. मिस्त्री वाकून बघतो आणि म्हणतो, "मालक, मागचं सील गेलंय, गाडी फोडावी लागेल." मालक मान डोलावतो. दोन दिवसांची मजुरी, नवी प्लेट, नवे सील, सगळे होते आणि चौथ्या दिवशी त्याच जागी पुन्हा तेल. कारण तेल वरच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून येऊन ब्लॉकच्या पाठीवरून ओघळत खाली पोचत होते. पॅकिंग थोडक्या पैशांचे, खर्च मात्र हजारोंचा. जीपच्या जुन्या पेट्रोल इंजिनात तर ब्लॉकच्या कुशीला व्हॉल्व्हचे बाजूचे झाकण असते. त्याचे कॉर्क आखडले की तेल ब्लॉकच्या कडेने मागे वाहत जाते आणि मागचे सील गेल्याचा हुबेहूब भास होतो. म्हणून मागच्या सीलचा निकाल देण्याआधी वरची आणि बाजूची झाकणे कोरडी आहेत याची खात्री मालकाने स्वतःच्या बोटाने करावी.

इंजिनाला श्वास मिळतोय का?

आता सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये निसटतो. तो बाहेर जावा म्हणून इंजिनाला ब्रीदर असतो. ब्रीदर बुजला की आत दाब साठतो आणि तो दाब जिथे वाट सापडेल तिथून तेल बाहेर ढकलतो. सील चांगले असले तरी.

विहिरीवरचे पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला १५०० फेऱ्यांचे इंजिन ज्यांनी चालवले त्यांना हे पटकन समजेल. एकच सिलिंडर असल्याने पिस्टन खाली आला की चेंबरमधली हवा दाबली जाते, वर गेला की ओढली जाते. म्हणून अशा इंजिनाच्या ब्रीदरमध्ये पातळ चकतीची झडप असते. ती हवा बाहेर सोडते, पण आत घेत नाही. त्यामुळे चेंबरमध्ये किंचित ओढ राहते आणि तेल आतल्या आत राहते. ही चकती तुटली किंवा तेलाच्या चिकट्याने अडकली की ठणठणीत इंजिनही चारी बाजूंनी घामाघूम होते. जुने लोक सील बदलण्याआधी ब्रीदर उघडत, ते याच अनुभवाने.

जीप, ॲम्बॅसडर, ट्रॅक्टर सगळ्यांना हाच न्याय. खटाव-माण, आटपाडी, जतकडची धूळ आणि फडातला पाचटाचा भुगा ब्रीदरच्या जाळीत बसतो, त्यात तेलाची वाफ मिसळते आणि डांबरासारखा गोळा होतो. ब्रीदरची नळी व जाळी काढून रॉकेलने धुवावी आणि तोंडाने फुंकर मारून मोकळी झाल्याची खात्री करावी.

नंतर एक सोपी परीक्षा. इंजिन गरम असताना मंद चालू ठेवून तेल भरायचे झाकण काढावे. हलकी वाफ दिसली तर ठीक. पण भकाभका धूर येत असेल, झाकण नुसते ठेवले तरी उडत असेल, पट्टी आपोआप वर सरकत असेल, तर रिंग किंवा लाइनर झिजले आहेत. अशा इंजिनाला कितीही पॅकिंग घाला, एक भोक बुजवले की तेल दुसरे शोधते. तिथे बोअरचे कामच करावे लागते. खर्चाचा निर्णय घेण्याआधी ही पाच मिनिटांची परीक्षा जरूर करावी.

वरून खाली एकेक जागा

*टॅपेट कव्हर.* कॉर्क कडक होऊन तडकते किंवा बोल्ट जास्त आवळल्याने पत्रा वाकतो. झाकण काढून सपाट काचेवर किंवा फरशीवर ठेवावे. बोल्टच्या भोकाभोवती पत्रा दबला असेल तर लाकडी ठोकळ्यावर हलक्या हातोडीने सरळ करावा. ॲम्बॅसडरच्या कव्हरला वर दोन नट असतात आणि त्यांच्याखाली रबरी बुश. पॅकिंग बदलले आणि बुश जुनेच ठेवले तर गळती तशीच राहते.

*बाजूची झाकणे.* ॲम्बॅसडरच्या इंजिनाच्या कुशीला, मॅनिफोल्डखाली अडचणीत, पत्र्याची दोन झाकणे असतात. हात पोचत नाही म्हणून ती वर्षानुवर्षे तशीच राहतात. मॅनिफोल्ड उतरवण्याचे काम निघाले की त्यांचे पॅकिंग बदलून घ्यावे.

*प्रेशरची नळी आणि फिल्टर.* इथे तेल दाबाने येते, म्हणून बारीक चीरसुद्धा तासाभरात चेंबर रिकामे करू शकते. गेजकडे जाणारी नळी चॅसिसला घासत नाही ना, ते पाहावे. फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग वरच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर इंजिन चालू होताच तेलाची पिचकारी उडते. नवा फिल्टर बसवल्यावर इंजिन चालू करून खाली बघितल्याशिवाय जागा सोडू नये.

*डिझेलचा फीड पंप.* हा प्रकार उलटा आहे. पंपाचा पडदा फाटला, किंवा रोटरी पंपाच्या शाफ्टचे सील गेले, तर डिझेल चेंबरमध्ये उतरते. पट्टीवर तेल कमी होण्याऐवजी वाढते. "आमचं इंजिन तेलच खात नाही, उलट वाढवतंय," असे कुणी कौतुकाने सांगू लागला तर त्याला लगेच सावध करावे. तेल पातळ होते, गळती वाढते आणि बेअरिंग झिजतात. पट्टी हुंगून पाहावी. डिझेलचा वास आला तर दोष काढून तेल व फिल्टर दोन्ही बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये.

*पुढची पुली आणि टायमिंग कव्हर.* इथून गळले की पंखा तेल उडवतो आणि रेडिएटरसकट सगळे माखते. पुली काढून तिचा दांडा नखाने चाचपावा. सीलने तिथे खाच पाडली असेल तर नवे सील त्याच खाचेवर बसवून उपयोग नाही. जागा असेल तर सील दोन मिलिमीटर पुढे किंवा मागे बसवावे, नाही तर दांड्यावर पातळ स्लीव्ह चढवून घ्यावी. सीलची स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. ओठाला तेल लावूनच बसवावे, कोरडे बसवले तर पहिल्याच मिनिटाला जळते. जुन्या ॲम्बॅसडरला नमद्याची कडी असेल तर ती तेलात भिजवून घालावी. कव्हरचे बोल्ट आवळण्याआधी पुली बसवून कव्हर मध्यावर आणावे आणि मग आवळावे.

*चेंबर आणि ड्रेन बोल्ट.* चेंबरच्या पुढच्या व मागच्या टोकाला, बेअरिंगच्या गोलाईवर, कॉर्कच्या किंवा रबराच्या वेगळ्या पट्ट्या बसतात. कोपऱ्यात त्या आखूड पडल्या की तिथूनच गळते. कोपऱ्यात थोडे सीलंट लावावे. ड्रेन बोल्टचा तांब्याचा वायसर दर वेळी दबून कडक होतो. नवा नसेल तर जुना लालभडक तापवून पाण्यात टाकावा, तांबे मऊ होते आणि पुन्हा नीट बसते.

*मागचे सील.* हे शेवटी, वरचे सगळे कोरडे असल्याची खात्री झाल्यावर. जुन्या सिम्पसन इंजिनात दोन अर्ध्या घरांत बसवलेली दोरी असते. दोरी घरात गोल दांड्याने घोटून घट्ट बसवावी लागते आणि तिची टोके घराच्या तोंडापासून जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर वर राहिली पाहिजेत. टोक आत राहिले तर फट पडते, जास्त बाहेर राहिले तर घराची तोंडे जुळत नाहीत. दोन्ही वेळा तेल येते. शाफ्टला आणि दोरीला तेल चोळून मगच घर आवळावे. जीपचे इंजिन असेल तर फ्लायव्हील उतरवल्यावर कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाची पत्र्याची टोपीही पाहून घ्यावी. ती ओली असेल आणि आपण नुसते सील बदलून गाडी जोडली, तर पुन्हा फोडावी लागेल.

आवळण्याचे तंत्र

गळती दिसली की पाना घेऊन जोर लावायचा, ही आपली सवय. कॉर्कला ते मानवत नाही. कॉर्कचे पॅकिंग बोल्ट हाताने टेकवून, नंतर पान्याने अर्धा-पाऊण फेरा एवढेच आवळावे. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे जावे. इंजिन गरम होऊन गार झाल्यावर एकदा पुन्हा हलकेच पाहावे. त्यापुढे जोर लावला तर कॉर्क फुटून बाहेर येते आणि पत्रा वाकतो.

सिलिकॉनचे सीलंट हल्ली सगळीकडे मिळते. ते चांगले आहे, पण चटणीसारखे थापू नये. बाहेर जेवढे फुगलेले दिसते तेवढेच आतही फुगलेले असते. आतला तुकडा सुटून तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकला तर इंजिनाला तेल मिळत नाही. एक पातळ रेघ पुरे. त्याआधी दोन्ही तोंडे जुन्या पॅकिंगपासून साफ आणि पेट्रोलच्या फडक्याने कोरडी करावीत. हे करताना इंजिन थंड असावे आणि विडी-काडी लांब ठेवावी.

हे मात्र करू नका

गळती थांबावी म्हणून फार जाड तेल घालू नये. थंड इंजिनाला ते वेळेवर पोचत नाही. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच तेल वापरावे. ब्रीदरला चिंधी बांधू नये. गळती बंद करणारी बाटलीतली औषधे रबर फुगवून काही दिवस वेळ मारून नेतात, झिजलेल्या शाफ्टला त्यांचा उपयोग नाही.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये. घोडे किंवा जाड लाकडी ठोकळे लावून, चाकांना पुढे-मागे अडण देऊनच खाली जावे. दगड-विटा रचून त्यावर गाडी टेकवणे टाळावे, वीट वजनाने अचानक फुटते.

आणखी एक गोष्ट पूर्वी कुणाला माहीत नव्हती, आता माहीत आहे. जुनी पॅकिंग, दोरीची सील आणि क्लच प्लेट यांत ॲस्बेस्टॉस असायचे. त्याची धूळ फुफ्फुसात गेली तर वर्षांनंतर कॅन्सर होऊ शकतो. म्हणून अशी धूळ हवेच्या पाइपने उडवू नये आणि पॅकिंग कोरडे घासू नये. पाण्याने ओले करून ओल्या फडक्याने पुसावे आणि फडके पिशवीत बांधून टाकावे.

जळके तेलही निरुपद्रवी नाही. ते वारंवार कातडीला लागणे कॅन्सरला आमंत्रण देणारे आहे. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, तेलाने भिजलेले फडके खिशात ठेवू नये. जनावरांच्या जखमेवर किंवा गोचिडावर जळके तेल लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती सोडावी. ओढ्यात, पाटात, विहिरीच्या काठावर तेल ओतू नये. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि ते मान्यताप्राप्त पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवे. डब्यात साठवून, अशा ठिकाणी तेल पोचवणाऱ्या गॅरेजला द्यावे.

किती गळती चालेल?

प्रत्येक थेंबासाठी इंजिन उतरवायचे नसते. रात्रभरात पुठ्ठ्यावर दोन-चार थेंब पडत असतील, पट्टीवरची पातळी आठवडाभर टिकत असेल आणि क्लच-ब्रेक कोरडे असतील, तर त्या जुन्या इंजिनाला तसेच चालू द्यावे. पट्टी मात्र रोज सकाळी, इंजिन चालू करण्यापूर्वी पाहावी. मागच्या सीलचे काम क्लच प्लेट बदलण्याची वेळ येईल तेव्हा एकत्र काढावे, म्हणजे फोडण्याची मजुरी एकदाच लागते.

पण पुढच्या तीनपैकी एक लक्षण दिसले तरी थांबू नये: दाबाच्या नळीतून गळती, क्लचवर किंवा ब्रेकवर तेल, आणि पट्टीवर वाढणारी पातळी.

कामाची वेळही ठरवून घ्यावी. हंगाम संपताच, वाहन चालत्या स्थितीत असतानाच धुऊन, पावडर टाकून गळतीच्या जागा वहीत लिहून ठेवाव्यात. वाहन महिनोन्महिने उभे राहिले की सगळे डाग एकमेकांत मिसळतात. पावसाळ्यात शेतीची कामे आवरल्यावर पॅकिंग-सील आणून काम करावे. दसऱ्याला पूजा होईल तेव्हा इंजिन कोरडे असावे. बॉयलर पेटून मोळी पडली की गॅरेजवाल्याला वेळ नसतो आणि आपल्यालाही नसतो.

शेडमधल्या वाहनाखाली आज रात्रीच एक पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी त्यावर काय दिसते ते बघून पुढचे काम ठरवा.